ब्लो द त्राव्हाय: ह्या निळ्या कोटाला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा शब्द डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागाच काढला.

मी फ्रान्समध्ये लियाँला राहतो. इथे गावोगावी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्याला 'व्हीद-ग्रेनिए' म्हणतात, म्हणजे शब्दशः माळा रिकामा करणं. लोक खरंच माळ्यावरच्या जुन्या वस्तू आणून रस्त्यात मांडतात. अशाच एका बाजारात एका आजींकडून मी निळा कोट घेतला, त्यांच्या यजमानांचा होता. जाड सुती कापड, आत अस्तर नाही, पुढे पाच बटणं, बाहेरून शिवलेले तीन मोठे खिसे आणि आत एक, कॉलर छोटी आणि टोकांना गोल. कोपरांवर आणि खांद्यांवर रंग उडून आभाळासारखा झालाय पण कॉलर उलटी केली की खाली मूळचा गडद निळा अजून तसाच्या तसा आहे. उजव्या खिशाच्या तोंडाशी हात घालून घालून कापड फाटलं असणार, तिथे दुसऱ्याच निळ्या कापडाचं ठिगळ आहे, हाताने घातलेलं, टाके इतके बारीक की मी दोन दिवस तेच बघत होतो. आता तो कोट मी रोज घालतो, ऑफिसला, भाजी आणायला, सगळीकडे.

तर प्रश्न असा. घरी व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं हे काय घातलंयस, मी म्हटलं फ्रेंच वर्कवेअर जॅकेट, ती म्हणाली अरे पण मराठीत सांग ना. आणि मला सांगताच येईना!

फ्रेंचमध्ये ह्याला 'ब्लो द त्राव्हाय' म्हणतात. ब्लो म्हणजे निळा, त्राव्हाय म्हणजे काम. कामाचा निळा. (उच्चार 'ब्लो' असा लिहिलाय पण तो आपला ओ नाही, ओठ ओ सारखे गोल करायचे आणि आतून ए म्हणायचं, देवनागरीत ह्याला अक्षर नाही.) गंमत म्हणजे ह्यात कोट हा शब्दच नाही, 'त्याने आपला निळा चढवला' एवढंच म्हणतात आणि समोरच्याला कळतं की माणूस कामाला निघाला. नुसतं जॅकेट असेल तर 'व्हेस्त द त्राव्हाय'. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांचा तो 'ब्लो द शोफ', आणि हा शब्द खेळाच्या बातम्यांत अजून जिवंत आहे, एखादा संघ घाम गाळून खेळायला उतरला की लिहितात आज ह्यांनी ब्लो द शोफ चढवला. आपण कंबर कसली म्हणतो तसं. शिवाय नुसत्या ब्लो चा अर्थ मार लागून अंग काळंनिळं पडतं तो डाग असाही होतो आणि नवशिका असाही होतो.

कारखानदारांच्या नावातसुद्धा काम आहे. नॉर्मंडीतला ल माँ सँ मिशेल १९१३ चा, त्याचं नाव त्या प्रसिद्ध मठाच्या बेटावरून आहे, ते सोडा. पण १९२७ चा व्हेत्रा, हे नाव 'व्हेतमाँ द त्राव्हाय' म्हणजे कामाचे कपडे ह्याच शब्दांची आद्याक्षरं जोडून केलंय. आणि बर्गंडीत दिग्वाँ गावचा १९५६ चा ल लाबुरर, ह्याचा सरळ अर्थ नांगरणारा. म्हणजे गळ्यामागच्या लेबलवर शेतकरी लिहिलाय आणि हे आज शहरातली पोरं घालून फिरतात, मीही त्यातलाच, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. न्यूयॉर्क टाइम्सचे बिल कनिंगहॅम (२०१६ मध्ये गेले) कित्येक वर्षं हाच निळा घालून सायकलवरून रस्त्यावरच्या लोकांचे फोटो काढायचे, फॅशनवरच काम करणारा माणूस आणि अंगात पॅरिसहून आणलेला झाडूवाल्यांचा निळा. बऱ्याच जणांना हा कोट त्यांच्यामुळे माहीत झाला.

माझं म्हणणं एवढंच की नावात 'काम' टिकलं पाहिजे. फ्रेंच जॅकेट म्हटलं की काम गेलं आणि नुसतं फ्रान्स उरलं. सुचवा.

प्रतिसाद
छान धागा. जॅकेट म्हणायला हरकत नाही पण 'जाकीट' म्हणू नकोस म्हणजे झालं. मराठीत दोन्ही एकाच इंग्रजी शब्दावरून आले पण संसार वेगळे झालेत, जाकीट म्हणजे बिनबाह्यांचं, सदऱ्यावर घालतात ते, आणि जॅकेट म्हणजे बाह्यांचं. कामगार जाकीट म्हटलंस तर आमच्या शिंप्याने बाह्या उडवल्याच समज.

आणि तुला काम टिकवायचंय तर एक सांगते, जॅकेट ह्या शब्दातच शेतकरी बसलाय! मूळ जुन्या फ्रेंचमधलं 'जाकेत', म्हणजे छोटा 'जाक'. आणि जाक हे तिकडे शेतकऱ्याचं सरसकट नाव होतं, आपल्याकडे कोणालाही गणपत किंवा सखाराम म्हणायचे तसं. १३५८ चं शेतकऱ्यांचं बंड त्यावरूनच 'जाकरी' म्हणून ओळखतात. कपड्याचं नाव ह्याच जाक वरून आलं असावं असं बरेच कोश देतात. म्हणजे फिरून गोष्ट कामकऱ्याच्या अंगरख्यावरच आली.

प्रतिसाद
इन्स्टावर सगळे चोर कोट म्हणतात ना, तेच वापरा की, सगळ्यांना समजतं

प्रतिसाद
दादा ते चोअर आहे, चोअर म्हणजे शेतातली घरातली रोजची किरकोळ कामं, आणि तो शब्द अमेरिकेतला आहे, तिकडच्या शेतकऱ्यांचे कोट डेनिमचे किंवा खाकी कॅनव्हासचे असायचे. देवनागरीत चोर कोट लिहिलं की दुसराच अर्थ लागणार, माझ्या वडिलांनी एकदा तसा मथळा वाचून चोरकप्प्याचा कोट का असं विचारलं होतं, त्यांचंही बरोबरच होतं. हा शब्द मराठीत टिकणार नाही असं माझं स्पष्ट मत.

प्रतिसाद
मी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालोय. आमच्यात ह्याला शब्द होता आणि आहे, डांगरी. निळी डांगरी. सकाळी गेटमधून आत गेलं की लॉकरला शर्ट-पँट टांगायची आणि डांगरी चढवायची, ग्रीसचे डाग तिलाच, घरी धुवायला आणली की बायको वेगळी भिजवायची, इतर कपड्यांत नाही. तुम्ही म्हणता तो 'निळा चढवला' आम्ही 'डांगरी चढवली' असंच बोलायचो, कोणी डांगरीत दिसला की तो ड्युटीवर.

आणि हा शब्द इंग्रजांचा वाटतो पण मूळ आपला आहे. मुंबईची डोंगरी, सँडहर्स्ट रोडजवळची. तिथलं जाडंभरडं सुती कापड म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याला डंगरी म्हटलं, सतराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे, पुढे त्या कापडाच्या कपड्यांना डंगरीज म्हणायला लागले आणि तोच शब्द वर्कशॉपमध्ये डांगरी होऊन परत आला. डोंगरीतून गेला आणि परळला उतरला म्हणायचं!

प्रतिसाद
काका हे वाचून फार आनंद झाला, मला डांगरी शब्द माहीत होता पण डोंगरीचा माहीत नव्हता. एकच शंका, डांगरी म्हणजे वर-खाली एकसंध ना? माझा नुसता कोट आहे, खाली काहीच जोडलेलं नाही. आणि इंग्लंडात डंगरीज म्हणजे पट्ट्यांची, छातीपर्यंत येणारी पँट, तिला फ्रेंचमध्ये सालोपेत म्हणतात, मळकट ह्या अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे गोंधळ व्हायचा.

प्रतिसाद
बरोबर, एकसंधच. पण आमच्याकडे काही जणांना कोट आणि पँट सुटी मिळायची, त्यांच्या वरच्या भागाला आम्ही डांगरीचा कोट म्हणायचो. बघा चालतंय का.

प्रतिसाद
ह्यात ब्लाऊज कोणी आणला नाही म्हणून मी आणते. फ्रेंच 'ब्लूझ' म्हणजे कामकरी पुरुषांचा ढगळ, डोक्यातून घालायचा अंगरखा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ब्लूझ घातलेला माणूस म्हणजे मजूर अशी ओळखच होती आणि आजही तिकडे डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला ब्लूझ म्हणतात. तोच शब्द इंग्रजीत जाऊन बायकांचा झाला आणि आपल्याकडे येऊन साडीवरचा झाला, पोलकं आणि चोळी बाजूला पडले. आपण रोज लग्नाला जरीचा म्हणून जो ब्लाऊज शिवतो त्याच्या नावात फ्रान्सचा मजूर आहे.

तसंच 'व्हेस्त' चं. धागाकर्त्याने व्हेस्त लिहिलंय ते कोणी व्हेस्ट वाचू नये, फ्रेंच व्हेस्त म्हणजे बाह्यांचा कोट, अमेरिकेत व्हेस्ट म्हणजे आपलं जाकीट आणि इंग्लंडात व्हेस्ट म्हणजे गंजीफ्रॉक. एकाच शब्दाला तीन देशांत तीन कपडे. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी फोटो बघूनच मागवा.

प्रतिसाद
निळ्याबद्दल थोडं. आपण पांढऱ्या कपड्यांना देतो ती नीळ, हा शब्द संस्कृत नील वरून, तोच अरबीत 'अन्-नील' झाला, पोर्तुगीजांकडे 'आनील', आणि त्यावरून रसायनशास्त्रात अनिलीन. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि झाडाच्या निळीचा धंदा बसला. कामगाराच्या निळ्याचं कारण साधं आहे, निळीचा रंग स्वस्त, मळ कमी दिसतो आणि कितीही धुतला तरी उडत उडत शेवटपर्यंत निळाच राहतो, भलताच रंग होत नाही. कोपरावर आभाळासारखा झालाय म्हणता तेच ते.

प्रतिसाद
शॅकेट चालेल का, शर्ट अधिक जॅकेट

प्रतिसाद
शॅकेट दुकानदाराचा शब्द आहे, त्याने जाडी कळते, काम कळत नाही. मला नको.

प्रतिसाद
धागाकर्ता परत. सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. डगला, बंडी, कोपरी हे माझ्याही मनात येऊन गेले होते पण डगला गुडघ्याकडे उतरतो, बंडीत जाकिटासारखं वाटतं आणि कोपरीची बाही कोपरापर्यंतच, त्यामुळे ते सोडले. माझ्या मते दोन नावं उरतात, 'कामाचा कोट' आणि काकांचा 'डांगरीचा कोट'. पहिलं कोणालाही कळेल, आणि फ्रेंचमधला अर्थही अगदी तोच आहे. दुसऱ्यात मुंबई आहे.

कापडाचं राहिलं होतं. माझा कोट मोलस्किनचा आहे, नाव चिचुंदरीसारख्या प्राण्याच्या कातडीवरून असलं तरी आहे शुद्ध सूतच, साटीनसारखं पण फार घट्ट विणलेलं, वरून मऊ आणि वारा आत येऊ न देणारं. काल रात्री आईबाबांना कोट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला, मोलस्किन वगैरे काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं ओळखा. बाबांनी चष्मा लावला, मला बाही जवळ आणायला सांगितली, कापड दुमडून दाखव म्हणाले, मग ठिगळ बघितलं. म्हणाले, "अरे हा तर जीनचा कोट, आमच्या अण्णांना होता, गिरणीत घालून जायचे."

आपल्याकडे जीन म्हणजे निळी पँट नव्हे, जाड सुती कापड, पांढऱ्या जीनचा कोट, खाकी जीनची चड्डी असं जुनी माणसं म्हणतात ते. मूळ इटलीतलं जिनोव्हा, फ्रेंचमध्ये 'जेन', डेनिमचं जसं फ्रान्सचं नीम गाव तसं. कापड अगदी तेच आहे असं नाही पण बाबांनी बोटांत न धरता ओळखलं आणि आजोबा गिरणीत कोट घालून जायचे हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

आईने विचारलं ठिगळ कोणी लावलंय, मी म्हटलं त्या आजींनी असेल. ती म्हणाली टाका आतून घातलाय, शिकलेली बाई आहे.