अनुभव धागा: वाचून ठाऊक होते, पण कधी ऐकले नव्हते असे शब्द

अकरावीत जाईपर्यंत मी ‘वाङ्मय’ हा शब्द मनातल्या मनात ‘वाड्‌मय’ असाच वाचत होते. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत वाचायला मिळायची ती शाळेच्या एका कपाटातली पुस्तकं, आणि त्यातले निम्मे शब्द घरात कुणाच्या तोंडी नसायचे. चिपळूणला कॉलेजात गेल्यावर सरांच्या तोंडून ‘वाङ्मय’ ऐकलं आणि वहीत ‘वांग्मय’ असं उतरवून घेतलं. पुढे वर्षभर माझ्यापाशी दोन शब्द होते, एक पुस्तकातला आणि एक सरांचा. ते एकच आहेत हे परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीने दाखवलं.

क ख ग घ नंतरचा तो ङ. दिसायला ड, शेजारी एक टिंब. गंगा, अंक, शंख यांत तो अनुस्वारामागे लपतो. उघड दिसतो तो वाङ्मय, पराङ्मुख अशा मोजक्या शब्दांत. पहिलीत घोकलेलं अक्षर समोर आलं तेव्हा मला ओळखू आलं नव्हतं.

डहाणूपासून बांद्यापर्यंतच्या सगळ्यांना विनंती, तुमचे असे शब्द लिहा. कुठे वाचला, कसा म्हणत होतात, आणि दुरुस्त कुणी केला, कसा केला तेही लिहा. दुरुस्त करणारा कसा वागला यावर माणूस पुढे तोंड उघडतो की मिटतो हे ठरतं, असं मला फार वाटतं.

सावंतवाडी

पहिल्या नोकरीसाठी गोव्यात जायचं होतं. पत्रावर इंग्रजीत गावाचं नाव होतं. बी, आय, सी, एच, ओ, एल, आय, एम. मी बसमध्ये कंडक्टरकाकांकडे ‘बिचोलीम’चं तिकीट मागितलं. ते क्षणभर थांबले, पत्र बघितलं आणि हळूच म्हणाले, “तां डिचोली गो बाय. लिवतत तसा, बोलतत डिचोली.” मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. डिचोली तर मला लहानपणापासून माहीत! मामाची सोयरीक तिथलीच. फक्त पाटीवर ती कधी पाहिली नव्हती.

नंतर ऑफिसातल्या एका बाईंनी समजावलं. ही स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची. त्यात शेवटचा ‘एम’ म्हणजे म नव्हे, आधीचा स्वर नाकातून काढायची ती खूण. पेडणे लिहिताना ‘ड’च्या जागी ‘आर’ येतो. साखळीतल्या ‘ख’साठी ‘क्यू’. आमच्या सिंधुदुर्गातले लोक आजारी माणसाला घेऊन बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जातात. तिथे पाटीवर ‘बांबोलिम’ वाचून कुणी गोंधळलं तर त्यांना हे सांगा.

रत्नागिरी, जहाजावरून

माझा शब्द स्पेलिंगप्रमाणे ‘बोटस्वेन’, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. कोर्सच्या पुस्तकात शंभरदा वाचलेला. पहिल्या जहाजावर चढलो आणि चीफ ऑफिसरना विचारलं, बोटस्वेन कुठे भेटतील? त्यांनी डेककडे बोट दाखवून मोठ्याने सांगितलं, “बोसन तिकडे.” एवढंच. चूक दाखवली नाही, फक्त बरोबर शब्द माझ्या कानावर टाकला. मी आता कॅडेटना तसंच करतो.

जहाजावरचे असे शब्द पुष्कळ आहेत. जहाजाच्या पुढच्या भागाला ‘फोरकॅसल’ लिहायचं, ‘फोक्सल’ म्हणायचं. होडीच्या बाजूच्या वरच्या कडेला ‘गनवेल’ लिहायचं, ‘गनल’ म्हणायचं. वारा आणि लाटांच्या आवाजात ओरडून सांगताना खलाशांनी हे शब्द शतकानुशतकं झिजवले. कागदावरचं स्पेलिंग मात्र होतं तिथेच राहिलं. आणि गंमत वाटते ती याची की माझे आजोबा, तेही जहाजावरचेच, बोसनला ‘सारंग’ म्हणायचे. मूळ फारसी ‘सरहंग’. सारंग, तांडेल, भंडारी हे शब्द आमच्या घरात रोजचे होते. त्या पुस्तकात बोटस्वेनपुढे कंसात ‘सारंग’ छापलं असतं तर मला माझ्याच आजोबांचं काम पहिल्या पानावर कळलं असतं.

मालवण, सध्या मुंबई

मी इंग्रजी माध्यमातली. मराठी शिकले ती मोठेपणी, पुस्तकांतून, हट्टाने. मे महिन्यात आजीकडे गेले तेव्हा गोठ्यात उभी राहून म्हटलं, “चारा घालू?” पण ‘चार’ आकड्यातला च लावून. आजी हसली नाही. तिने माझ्या हनुवटीला हात लावला आणि जीभ दाताला टेकवून सावकाश ‘चारा’ म्हणून दाखवलं. त्यातला च म्हणजे जवळजवळ ‘त्स’. अक्षर तेच, आवाज दोन, आणि छापलेल्या पानावर कसलीच खूण नाही! याचा काही नियम आहे का? की प्रत्येक शब्द वेगळा विचारायचा?

दापोली, निवृत्त शिक्षिका

मालवणच्या ताईंसाठी. थोडा नियम आहे, बाकीचं कानावर. च, ज, झ यांच्यापुढे इ, ई, ए किंवा य आला की जीभ टाळूला लागते: चिंच, जीव, चेहरा. अ, आ, उ, ओ आला तर मराठीच्या घरच्या शब्दांत ती बहुतेक दातांकडे येते: चूल, जाळं, झरा. म्हणून ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ वेगळा, ‘आमचा’ आणि ‘आमची’ यांतला च वेगळा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द टाळूलाच राहतात. ‘चंद्र’ टाळूचा, पण त्याचं ‘चांदणं’ दातांचं. ‘जग’ म्हणजे दुनिया टाळूची, आणि ‘शंभर वर्षं जग’ म्हटलं की दातांचं. नियमात न बसणारे शब्द आहेतच, तुमचा ‘चार’ त्यातलाच. तेव्हा विचारत राहा, ताई. मी छत्तीस वर्षं शिकवलं. मोठ्याने वाचताना चुकलेल्या मुलाला वर्गासमोर थांबवायचं नाही, धडा संपला की जवळ बोलवायचं, हे मला फार उशिरा सुचलं. त्याआधीची काही मुलं पुन्हा वाचायला उभी राहिली नाहीत. त्यांचे चेहरे मला आठवतात.

हर्णै

आमच्या गावाचं नावच. पाहुणे ‘हर्णॅ’ म्हणतात, ‘हर्णे’ म्हणतात. शेवटी ‘अइ’ म्हणा, म्हणजे झालं.

दोडामार्ग, आशा सेविका

तापाच्या माहितीच्या कागदावर ‘क्यासनूर’ असा शब्द होता. तो मराठीही वाटेना, इंग्रजीही वाटेना. बैठकीत सगळ्या गप्प, मीपण गप्प. घरोघरी जाऊन मी तो कागद नुसता दाखवत होते. एका घरी आजीबाईंनी विचारलं, “माकडां मरतत तो ताप मां?” तोच! तेव्हापासून मी ‘माकडताप’ म्हणते आणि लोक लगेच सांगतात, कुठल्या बागेत माकड मेलेलं दिसलं, कोण तिकडे काजू गोळा करायला गेलं होतं, गोचीड कुणाला चावली. क्यासनूर हे कर्नाटकात शिमोग्याकडच्या जंगलाचं नाव, 1957 साली हा आजार तिथे ओळखला गेला, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. कानडीतही त्याला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा आजार, असंच म्हणतात. त्या बैठकीत मी विचारलं असतं तर पहिल्या आठवड्यातली घरं वाया गेली नसती.

पावस

वाचून अडतं, पण नुसतं ऐकून आलेले शब्द बघा कसे रुळलेत. अफोन्सो या पोर्तुगीज नावाचा आपण हापूस केला. घमेलं, परात, चावी, साबण, पगार, सगळे पोर्तुगीजांकडून कानांनी घेतलेले. माझ्या आज्याने ‘अल्फान्सो’ आयुष्यात वाचला नाही आणि ‘हापूस’ म्हणताना तो कधी अडखळला नाही. आता माझा मुलगा पेट्यांवर इंग्रजी नाव छापतो आणि गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना मला विचारतो, बाबा, हे नक्की कसं म्हणायचं? मी सांगतो, हापूस म्हण.

राजापूर तालुका, सध्या ठाणे

माझं थोडं वेगळं आहे. आमच्या घराण्याच्या मोडी कागदात एका शेताचं नाव ‘चोढी’ असं आहे. शेत विकून साठ वर्षं झाली. वडील गेले, काका गेले, ते नाव उच्चारलेलं ऐकलं असं आता घरात कुणी नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत, अनुस्वारही बऱ्याचदा गाळत. त्यामुळे कागदावर आहे ते पूर्ण आहे की नाही, हे कागद बघून कळायला मार्ग नाही. कुणाला कल्पना आहे?

दापोली, निवृत्त शिक्षिका

आपल्याकडे सखल, पाणथळ शेताला चोंढा म्हणतात. त्यावरून असेल. पण गावातलं कुणी भेटतं का पाहा.

राजापूर तालुका, सध्या ठाणे

बाई, भेटलं. वाडीतल्या एक आजी विरारला लेकीकडे असतात, वय नव्वदीच्या पुढे. काल फोन केला. नाव मी आधी सांगितलं नाही, नुसतं विचारलं की नदीकडच्या आमच्या शेताला काय म्हणायचे. त्या लगेच म्हणाल्या, “चोंढी.” च दातांचा, चाऱ्यातला, आणि पुढचा ओ नाकातून. मी त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी त्या बांधावरच्या फणसाचीही आठवण सांगितली. फोनमध्ये ते जपून ठेवलंय.