तेवीस तारीख गेली, आता पुढची तारीख कोण देणार?

विडीघरकुलचा_भाचा
सलाम मंडळी. सोलापूरचे लोक इथं बरेच आहेत म्हणून विषय काढतोय. कुणीही बोला, फक्त माझ्या मावशीची टिंगल नको. तर झालं असं, दक्षिण आफ्रिकेतल्या एकानं सांगितलं की २३ नाहीतर २४ सप्टेंबर २०२५ ला येशू येणार आणि विश्वासणाऱ्यांना वर घेऊन जाणार, ते रॅप्चर म्हणतात तसं. यहुद्यांचा तुताऱ्यांचा सण त्याच दिवसांत होता आणि बायबलात येशू येताना तुतारी वाजेल असं आहे, म्हणून ती तारीख. तो व्हिडिओ फिरत फिरत तेलुगूत झाला आणि मावशीच्या मोबाइलवर आला.
मावशी चाळीस वर्षं विड्या वळते. २२ ला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, तिनं उरलेली पानं-तंबाखू कारखान्यात परत केली, सूप धुऊन भिंतीला उभं केलं, डब्यातली तीन किलो ज्वारी शेजारणीला देऊन टाकली (ती बिचारी घट बसवायच्या गडबडीत, तिला वाटलं नवरात्राचं काहीतरी दिलंय) आणि पांढरी साडी नेसून बसली. त्यात नेमका सीनेला पूर. माढा-मोहोळकडची गावं पाण्यात, लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद, टीव्हीवर बोटी. मावशी म्हणाली बघ, चिन्हं सुरू झाली.
२४ ची रात्र गेली. २५ ला पहाटे नळाला पाणी आलं. चार दिवसांनी आलेलं पाणी, मावशी पदर खोचून उठली आणि घागरी लावल्या.
माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या तारखा देणाऱ्यांनी आमच्या लोकांच्या आशेची वाट लावलीय. येशू परत येणार हे मीही मानतो. पण तारीख देणारा माणूस आशा देत नाही, तो फक्त वायदा देतो आणि वायदा फुटला की भोगायचं ऐकणाऱ्यानं.

जागे_राहा
भाऊ, तुम्ही मावशीला पुढं करून प्रभूच्या येण्याचीच चेष्टा करताय असं वाटतंय. तारीख चुकली हे मान्य, तो माणूस चुकला. पण बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा २४ वा अध्याय वाचा, लढाया, दुष्काळ, जागोजागी भूकंप, हे सगळं येशूनंच सांगितलंय ना? आणि पूर काय दरवर्षी असा येतो का? आजकालच्या चर्चमध्ये लग्नाचे हॉल आणि पेन्शनच्याच गप्पा, दुसऱ्या येण्यावर प्रवचन शेवटचं कधी ऐकलं सांगा. तुमची मावशी निदान दिवा लावून बसली होती, येशूच्या दाखल्यात दिव्याला तेल घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींतल्या शहाण्या पाच जणींसारखी. तुमच्याकडं तेल आहे का ते बघा आधी.

पाळकाचा_पोरगा
जागे_राहा भाऊ, मत्तय २४ च काढलात तर ३६ वं वचनही वाचा, तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. येशू स्वतः म्हणतो मला माहीत नाही आणि यूट्यूबवाल्याला माहीत!
आणि हे काय आजचं नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, त्याच्या लोकांनी हिशोब करून २२ ऑक्टोबर १८४४ ठरवली. हजारो लोक वाट बघत बसले, कुणी कुणी तर शेतातलं पीक काढलंच नाही. काही झालं नाही. त्या दिवसाला इतिहासात 'महानिराशा' असंच नाव पडलं. मग हॅरोल्ड कॅम्पिंग, रेडिओवाला, २१ मे २०११. ती गेली तर म्हणाला २१ ऑक्टोबर. तीही गेली, पुढं त्यानं स्वतःच चूक कबूल केली, एवढं तरी केलं.
आमचं घराणं मिशनच्या काळापासूनचं, आमच्याकडं दुसरं येणं दर रविवारी विश्वासांगीकारात म्हणतात, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येणार. पण ते मोठ्या संकटाच्या आधी गुपचूप उचलून नेणं वगैरे शिकवण पसरवली ती ब्रिटिश उपदेशक जॉन डार्बी यांनी, १८३० च्या दशकात. आमच्या आज्याला हा शब्दही माहीत नव्हता.

जागे_राहा
शब्द माहीत नव्हता म्हणजे गोष्ट खोटी होत नाही. १ थेस्सलनीकाकर, म्हणजे प्रेषित पौलाचं थेस्सलनीकातल्या मंडळीला पहिलं पत्र, त्यात ४:१७ मध्ये स्पष्ट आहे, आपण ढगांत घेतले जाऊ. डार्बीच्या कितीतरी आधी पौलानं लिहिलंय ते. तुमच्या मिशनवाल्यांना सगळं प्रतीक वाटतं, उद्या म्हणाल क्रूस पण प्रतीक.

चादरगल्ली
मी देवबिव मानत नाही, पण वाचत होतो. सरळ सांगतो, हा भीतीचा धंदा आहे. २०२१ ला लसीच्या वेळी आमच्या पॉवरलूमवरच्या दोन बायकांनी लस घेतली नाही, का तर त्यात चिप आहे आणि तीच ती बायबलातल्या शेवटच्या काळच्या श्वापदाची ६६६ ची खूण. त्याआधी आधार कार्डावर तेच, त्याच्याआधी बारकोडवर तेच. दर दहा वर्षांनी श्वापद नवीन मशीन घेऊन येतंय. आणि चिन्हं म्हणाल तर ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. पहाटे चारच्या सुमाराला आमच्या इथं भांडी फळीवरून पडली, मी सात वर्षांचा, तिकडं दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. तेव्हाही जग संपतंय म्हणणारे होतेच. संपलं नाही, लोकांनी नवीन गावं बांधली. तुम्ही कशाला घाबरूलालाव?

पाळकाचा_पोरगा
६६६ बद्दल एक सांगतो, चिपवाल्यांना दाखवा. प्रकटीकरण, म्हणजे ६६६ ज्यात आहे ते बायबलाचं शेवटचं पुस्तक, लिहिणारा योहान पात्म बेटावर हद्दपार होता, पहिलं शतक संपत आलेलं, आणि पुस्तक लिहिलंय आशियातल्या सात मंडळ्यांना, जो आत्ताचा तुर्कस्तान. रोमचा बादशहा स्वतःला देव म्हणवून घेतोय, त्याला धूप जाळला नाही तर धंदा जातो, जीव जातो. इब्रीत अक्षरांनाच आकड्याची किंमत असते, त्या अक्षरांत 'नेरोन कैसर', म्हणजे रोमचा बादशहा नीरो, लिहून बेरीज केली की ६६६ येते, बरेच अभ्यासक तेच मानतात. म्हणजे ते पत्र होतं, दबलेल्या लोकांना, की हा रोम कायमचा नाही. आता ते पत्र आपण फोडून त्यात बारकोड शोधतोय.

गड्ड्याचा_पाळणा
आमच्या पंचांगात कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचं आहे आणि जेमतेम पाच हजार झालीत. कुणाला वेळ कमी पडत असेल तर आमच्याकडं या, भरपूर शिल्लक आहे 😀

जागे_राहा
हसा. जलप्रलयाआधी नोहाच्या वेळीही हसले होते.

सातरस्ता_ताई
मी कधी लिहीत नाही पण आज लिहिते. चादरगल्ली दादा, भीतीचा धंदा आहे हे खरं, पण सगळ्यांचं तसं नसतं. माझे मिस्टर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, कोविडनं. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, प्लॅस्टिकमध्ये होते. दफनाला चार माणसं, पाळकसाहेब लांबून मास्कमधून बोलले, मला अर्धं ऐकू पण आलं नाही.
नंतर वर्षभर मला चर्चला जाववत नव्हतं. लोक यायचे आणि म्हणायचे, शेवटचे दिवस आहेत, तयार राहा. मी मनात म्हणायची, माझे तर झाले शेवटचे दिवस. मग एकदा ते थेस्सलनीकाकर स्वतः काढून वाचलं, तुम्ही दोघं ज्याच्यावर भांडताय तेच. पौल तिथं तारीख सांगायला बसलेलाच नाही. त्या लोकांची माणसं मेली होती आणि त्यांना काळजी होती की येशू येईल तेव्हा आमच्या मेलेल्यांचं काय, ते मागं राहतील का. तो म्हणतो नाही, ते आधी उठतील. आणि शेवटचं वाक्य काय आहे बघा, ह्या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. ह्या प्रकरणावरची दोनशे प्रवचनं ऐकली असतील मी, ते शेवटचं वाक्य कुणी वाचलंच नव्हतं.
जागे_राहा भाऊ, तुमचा राग नाही. मीही त्याच्या येण्याची वाट बघते, तुमच्यापेक्षा जास्तच बघत असेन, मला तिथं माणूस भेटायचाय. फक्त मला त्याची भीती घालू नका.

जागे_राहा
ताई, माफ करा. तुमच्यासाठी प्रार्थना करतो. पण जागं राहणं सोडू नये एवढंच माझं म्हणणं, ते मी मागं घेत नाही.

चादरगल्ली
ताई, मला पटत नाही तरी तुमच्यापुढं वाद घालणार नाही. पण एक प्रश्न उरतोच, त्या मावशीचा बुडालेला रोज कोण देणार? चार दिवस विड्या नाहीत म्हणजे चार दिवस पैसे नाहीत. व्हिडिओवाल्याला व्ह्यूज मिळाले.

विडीघरकुलचा_भाचा
चादरगल्ली, बरोबर बोललास. आणि गंमत म्हणजे पौलाच्या वेळीही हेच झालं होतं, त्याच थेस्सलनीकात काही लोक काम सोडून नुसते बसले होते, दुसऱ्या पत्रात तो त्यांना झाडतो, काम करायचं नसेल त्यानं खाऊही नये म्हणून. मावशीला मी हे वचन दाखवणार होतो. नाही दाखवलं. सव्वीस तारखेला ती आपणहून कारखान्यात पानं आणायला गेली होती.

गड्ड्याचा_पाळणा
ते राहू दे बे, ज्वारीचं काय झालं? परत मिळाली का?

विडीघरकुलचा_भाचा
नाही. शेजारणीनं दळून आणली होती. पंचविसाला दुपारी तिनंच गरम भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली, मावशीनं खाल्ली. काही विचारलं नाही, हिनं काही सांगितलं नाही. आता मावशी परत म्हणते, तो येणार आहे, लवकरच. मी विचारलं, मग भिशी सोडलीस का? म्हणाली, सोडू कशाला, हप्ता भरलाय, माझा नंबर मार्चात आहे.