प्रतिसाद: कंपन्यांसोबत बसायला हरकत काय?

सरकारी डेटा नीट स्वरूपात मिळावा म्हणून आपण मॅपवाल्या वगैरे कंपन्यांसोबत मिळून मागणी करावी का, यावर वर एकांनी लिहिलंय की आपल्या टॅक्सच्या पैशातून गोळा झालेला डेटा कंपन्या फुकटात घेऊन धंदा करणार, मग त्यांच्याशी हातमिळवणी कशाला. राग समजतो, पण सरकारच्या 2017 च्या ओपन डेटा लायसन्समध्ये (म्हणजे सरकारने खुला केलेला डेटा वापरायच्या परवान्यात) धंद्यासाठी वापर करायला सरळ परवानगी आहे, मुख्य अट अशी की डेटा कुठून घेतला ते सांगायचं.

आणि खरं सांगू का, अडचण आपली आणि कंपन्यांची, दोघांची एकच आहे. मी कोपरखैरण्यात राहतो, मागे एका ऑफिसातून शाळांची यादी मागवली तर स्कॅन केलेली पीडीएफ हातात आली, पानं तिरकी, शिक्का नेमका आकड्यांवर, आणि आमच्याच कोपरखैरणेची तीन वेगवेगळी स्पेलिंगं. माझे चार रविवार गेले ती टाइप करण्यात! असली यादी मॅपवाल्या कंपनीतही कोणीतरी पगारावर बसून साफ करतच असणार ना, मग दोघांनी मिळून एक्सेल मागा की. माहिती अधिकाराच्या कलम 2(ञ) मध्ये कॉम्प्युटरवर असलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवायचा हक्क दिलेलाच आहे, अर्जाची फी 10 रुपये.

फक्त माझी एक अट राहील आणि ती मी सोडणार नाही. कंपनीने पैसे भरून स्वतःपुरती चांगली फाइल घ्यायची आणि आपल्याला तिरकी पीडीएफ, हे चालणार नाही. जी फाइल त्यांना तीच सगळ्यांना, आणि दुरुस्त केलेल्या चुका त्यांनी त्या खात्याला परत कळवायच्या. ठाणे-नवी मुंबईतलं कोणी अशा कंपनीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाशीत भेटू.