सासूबाईंच्या बीपीच्या दोन गोळ्या: एकच औषध दोनदा जातंय का?

शमिका_ठाणे

सासूबाई (वय ७१) गणपतीनंतर चिपळूणहून आमच्याकडे राहायला आल्यात. तिथल्या डॉक्टरांनी दिलेली बीपीची एक गोळी त्या बरीच वर्षं सकाळी घेतात. इथे आल्या आल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं तर बीपी १६४/९० निघालं. त्यांनी नवी गोळी लिहून दिली, रात्री जेवल्यावर. आई आता दोन्ही घेतात. विचारलं तर म्हणतात, "नवी दिली म्हणजे जुनी बंद कर, असं कुठे म्हणाले ते?" जुन्या गोळीचं नाव डॉक्टरांना सांगितलं होतं का, यावर उत्तर, "सांगितलं ना, पांढरी बारीक गोळी."

पंधरवडा झाला असेल. आता दोन्ही पायांचे घोटे सुजलेत. जोडवी रुतलीत, साबण लावूनही निघेनात. संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबला तर खळगा राहतो. पहाटे बाथरूमला उठल्या की गरगरतं, भिंत धरून जातात. काल घरच्या मशीनवर १०८/६२ आलं.

समोरच्या काकू म्हणतात, किडनीवर आलंय, सगळ्या गोळ्या बंद करा. नवरा म्हणतो, बीपी एवढं छान आलंय तर कशाला हात लावतेस. आज शनिवार, दवाखाना सोमवारी उघडेल. दोन्ही गोळ्यांची नावं एकदम वेगळी, कंपन्याही वेगळ्या. तोवर मी काय करू?

रानजाई

ब्रँडची नावं नकोत. स्ट्रिप उलटी कर आणि मोठ्या नावाच्या खाली बारीक अक्षरांत जे लिहिलंय ते इथे टाक. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की दिसतं. आणि त्या बाकी काय काय घेतात तेही लिही. गुडघ्याची, सर्दीची, आयुर्वेदिक, सगळं.

शमिका_ठाणे

जुनी: अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम.
नवी: टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम.

अरे देवा. म्हणजे अमलोडिपिन दोन्हींत आहे!

बाकी: गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, "दुखलं तरच" म्हणून दिलेली, पण गुडघा रोजच दुखतो. कफासाठी ज्येष्ठमधाचा काढा, दोन वेळा. पोटासाठी इसबगोल.

जुना_मेडिकलवाला

शमिका, आधी फोन उचल आणि तुमच्या डॉक्टरांना लाव. सोमवारची वाट बघू नकोस. दोन्ही गोळ्यांमधली औषधं आत्ता लिहिलीस तशी वाचून दाखव, १०८/६२ आणि गरगरणं सांग, आणि स्पष्ट विचार की यातली कुठली थांबवायची. ते भेटले नाहीत तर जवळच्या दुसऱ्या फिजिशियनला दाखव. चक्कर येऊन पडल्या, छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं किंवा ओठ-चेहरा सुजला तर मात्र फोनाफोनी नको, १०८ ची गाडी बोलाव. "ही गोळी बंद कर" असं मी इथून सांगणार नाही. माझ्याकडे फार्मसीची पदविका आहे, स्टेथोस्कोप नाही.

आता समजावून सांगतो, कारण हा घोळ मी काउंटरवर आयुष्यभर पाहिला. रत्नागिरीत दुकान होतं, आता मुलगा बघतो. "पांढरी बारीक गोळी द्या" म्हणणारं गिऱ्हाईक रोजचं. पांढऱ्या बारीक गोळ्या दुकानात शंभर तरी असतात! थायरॉइडची पांढरी, रक्त पातळ करायची पांढरी. माणसं रागावायची, म्हणायची, "इतकी वर्षं नेतो, तुम्हाला माहीत नाही?"

आपल्याकडे एकाच औषधाचे ढिगानं ब्रँड. त्यात बीपीच्या गोळ्या जोडून येतात. ब्रँडच्या नावाला शेपटी असते ना, ती बघायची. एएम असेल तर बहुतेक वेळा आत अमलोडिपिन, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी असेल तर क्लोरथॅलिडोन. पण शेपटीवरही विसंबू नकोस, खालची बारीक ओळ वाचायची. नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं, असं नसतं.

तुमच्या डॉक्टरांचं गणित बहुधा असं होतं: बीपी चढलंय, जोडगोळी देऊ. घरात मात्र पाचाची जागा दहाने घेतली. दहा मिलिग्रॅम हा काही विषाचा डोस नाही, पुष्कळ लोक घेतात, तेव्हा घाबरून जाऊ नकोस. पण तो नेहमीच्या डोसांतला वरचा डोस आहे, सोबत टेल्मिसार्टनही आहे, आणि वय एकाहत्तर. पहाटे अंधारात उठणं, गरगरणं, ओली फरशी. मला भीती खुब्याच्या हाडाची आहे.

सूज. अमलोडिपिन बारीक धमन्या सैल करतं, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. मग दाबानं पाणी झिरपून घोट्यापाशी साठतं, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. डोस वाढला की सूज वाढते, आणि बायकांमध्ये जास्त दिसते. म्हणजे सूज आली की किडनी गेली, हे काकूंचं निदान घाईचं आहे. तरी किडनी, हृदय, लिव्हर तपासून मगच "गोळीची सूज" म्हणायचं, ते काम डॉक्टरांचं. फक्त कुणी परस्पर लघवीची गोळी सुचवली तर घेऊ नका. या सुजेवर तिचा फारसा उपयोग नाही, उलट म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरतं.

आता खरं दुखणं. तुम्ही सगळे बीपीच्या गोळ्यांकडे बघताय, मी डायक्लोफेनॅककडे बघतोय. ही गोळी रोज घेतली की शरीरात मीठपाणी धरून ठेवते, बीपी चढवते, आणि टेल्मिसार्टनसोबत किडनीवर ताण आणते. त्यात लघवीची गोळी मिसळली तर विचारूच नका. आयबुप्रोफेनचंही तेच, कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन असतं. वर ज्येष्ठमधाचा काढा. ज्येष्ठमध गोड, औषधी, सगळं खरं, पण दोन वेळा रोज घेतलं तर त्यानंही बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. म्हणजे ते १६४ या दोघांनीच वर नेलेलं असू शकतं, आणि त्याच्यावर उतारा म्हणून नवी गोळी आली! डॉक्टरांना हे सांगितलंच नसेल, कारण गुडघ्याची गोळी आणि काढा ही "औषधं" म्हणून कुणी मोजत नाही. फोनवर हेही सांग. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल का, किती, ते विचारून घे.

निसर्गोपासक

या गोळ्या एकदा लागल्या की जन्माच्या. माझ्या मावशीने सगळ्या बंद केल्या, सर्पगंधा चूर्ण आणि लसूण सुरू केला, तिसऱ्या दिवशी बीपी नॉर्मल. मीठ बंद करून सैंधव वापरा. नाहीतर ते लो सोडियमवालं मीठ मिळतं ते आणा.

जुना_मेडिकलवाला

सर्पगंधेला मी नावं ठेवणार नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्यावर लेख लिहिला तेव्हा जगाचं लक्ष आपल्या या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, आणि ते पुष्कळ वर्षं बीपीवर दिलं जायचं. तिला गुण आहे, म्हणूनच ती भीतीची. चमचाभर चूर्णात रेसर्पिन किती, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि विकणाऱ्यालाही. जास्त झालं तर नाडी मंदावते, मन खिन्न होतं, आणि इथे आधीच १०८ वर असलेल्या बाईला ते द्यायचं?

मावशींचं तिसऱ्या दिवशीचं बीपी. अमलोडिपिन अंगातून हळूहळू जातं, गोळी सोडल्यावरही काही दिवस त्याचा अंमल राहतो. तिसऱ्या दिवशी जे नॉर्मल दिसलं ते सोडलेल्या गोळीचंच. पंधरा दिवसांनी, महिन्यानं मोजलं होतं का? आणि सगळ्याच गोळ्या अशा सभ्यपणे निघून जात नाहीत. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल एकदम तोडली तर हृदयाला झटका बसू शकतो. क्लोनिडीन तोडली तर बीपी उसळी मारतं. त्या कमी करायच्या झाल्या तरी पायरीपायरीनं, डॉक्टरांच्या देखरेखीत.

सैंधव हेही मीठच हो. उपासाला चालतं म्हणून बीपीला चालत नाही. लो सोडियमवाल्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. एरवी ठीक, पण टेल्मिसार्टनही पोटॅशियम अंगात धरून ठेवतं. किडनी जरा कमजोर असेल तर हे दोन्ही मिळून पोटॅशियम इतकं चढेल की हृदयाची लय बिघडेल. ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यापेक्षा ताटातला पापड आणि लोणच्याचा खार कमी करा, तिथे मीठ जास्त जातं.

डॉ_वऱ्हाडी

मेडिकलवाल्या काकांशी सहमत. माझी थोडी भर.

शमिकाताई, आज आईंना पाच मिनिटं शांत बसवून बीपी घ्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला टेबलावर, आणि त्या वेळात गप्पा नाहीत. मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या, बाजूला कुणीतरी धरायला असू द्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते कागदावर लिहा आणि फोनवर सांगा. पहाटे उठताना आधी कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं.

रक्तात क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं), सोडियम, पोटॅशियम करून घ्या. टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर हे बघायचंच असतं, इथे तर सोबत डायक्लोफेनॅक होतं. पुढे जुलाब-उलट्या झाल्या, जेवणपाणी तुटलं, तर त्या दिवशीची गोळी घ्यायची का ते विचारून घ्या. तेव्हा टेल्मिसार्टन किडनीला जड जातं.

एसटीच्या प्रवासानंतर, दुखऱ्या गुडघ्यानं जिना चढून आल्यावर घेतलेल्या एका आकड्यावर मी स्वतः डोस वाढवला नसता, पण मी तिथे नव्हतो, तेव्हा ते राहू द्या. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेतलेले आकडे जास्त खरे. घरच्या मशीनवर १३५/८५ च्या खाली असावं, दवाखान्यातल्या १४०/९० ला ते धरून आहे.

गोळी सकाळी की रात्री, हा प्रश्न पुढे येईलच. २०२२ साली ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, त्यात दोन्ही वेळांत फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती आईंची वेळ. फक्त लघवीची गोळी असेल तर ती सकाळी.

परदेशी_पाहुणा

जरा विषयांतर, पण हाच घोळ इकडे अमेरिकेत, एडिसनला होतो. आईबाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतात, पिशवीभर गोळ्या आणतात. इकडचा डॉक्टर भारतीय ब्रँडचं नाव ऐकून नुसता बघत राहतो. गेल्या खेपेपासून निघतानाच तिकडच्या डॉक्टरांकडून एक कागद घेतो: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कशासाठी. गोळ्या स्ट्रिपसकट, हातातल्या बॅगेत.

शमिका_ठाणे

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी फोनवर बोलले. "जुनी चालूच आहे हे मला कळलंच नाही," म्हणाले. उद्यापासून जुनी पांढरी बंद, रात्रीची चालू. डायक्लोफेनॅक बंद, पॅरासिटामॉल दिलं, काढाही नको म्हणाले. सोमवारी सकाळी रक्त द्यायचं आणि दवाखान्यात जायचं. बसून ११२/६४, उभ्यानं ९०/५८ आलं होतं, तेही सांगितलं. आज रात्रीचा डोस घेऊ नका म्हणाले. पहाटे उठताना मला हाक मारायची असं ठरलंय. आईंना पटलेलं नाही.

जुन्या गोळीच्या चार स्ट्रिप शिल्लक आहेत. आई म्हणतात, "फुकट जाईल, रविवार-रविवार घेते." त्या मी माझ्या कपाटात ठेवल्यात.

काका, अजून एक. सात दिवसांची खणांची डबी आणली आहे, सोमवार, मंगळवार लिहिलेली. त्यात रात्रीच्या गोळ्या काढून भरून ठेवू ना? म्हणजे घेतली की नाही ते कळेल.

जुना_मेडिकलवाला

डबी चांगली, पण टेल्मिसार्टन तीत सुटी टाकू नकोस. ही गोळी हवेतला ओलावा पटकन ओढते, म्हणून ती बंद स्ट्रिपमध्येच ठेवायची आणि घ्यायच्या वेळी फोडायची. आमच्याकडे पावसाळ्यात लोक सुट्या गोळ्यांची बाटली घेऊन यायचे, वरचा थर मऊ होऊन गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या. चिपळूणला परत जातील तेव्हा तर नक्कीच नको.

कात्रीनं स्ट्रिपचे एकेक गोळीचे तुकडे कापायचे आणि ते तुकडे खणात ठेवायचे. खण मोठे असतील तर मावतात. कापताना ॲल्युमिनियमचा फुगा फुटता कामा नये. आणि सगळी स्ट्रिप एकदम कापू नकोस. तारीख आणि बॅच नंबर बहुतेक एका टोकाला छापलेला असतो, म्हणून दुसऱ्या टोकापासून कापत जायचं. ते टोक आणि औषधाचं नाव असलेला तुकडा शेवटपर्यंत डबीखाली राहू दे.