उर्दूतला 'शक' आणि इंग्रजीतला 'डाउट'

प्रश्न: उर्दू बोलणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवतोय. 'मुझे शक है के वो चोर है' याचं सगळे 'आय डाउट ही इज अ थीफ' करतात. चूक नेमकी कशी समजावू?

उत्तर १: अर्थच उलटा होतो. ते इंग्रजी वाक्य सांगतं की तो चोर नसावा. उर्दूत 'शक है के' नंतर येतं ते सहसा बोलणाऱ्याला खरं वाटत असतं, 'डाउट' नंतर येतं ते खोटं. इथे 'सस्पेक्ट' हवं. ताळा सोपा आहे: 'शक' काढून 'मेरा ख़याल है' घाला. अर्थ टिकला तर 'सस्पेक्ट'. 'मुझे नहीं लगता' बसलं तर 'डाउट'.

उत्तर २: 'मुझे उसकी नीयत पर शक है' इथे मात्र दोन्ही चालतात, कारण पुढे नाम आहे. गोंधळ 'के' आल्यावरच होतो. 'बेशक' ला 'नो डाउट' बऱ्याचदा चालतं, म्हणून तर जोडी डोक्यात पक्की बसते! आपल्याकडेही 'मला संशय आहे की' वाले याच खड्ड्यात पडतात.

उत्तर ३: 'आय हॅव अ डाउट' म्हणजे 'मला एक शंका विचारायची आहे' हे भारतीय उपखंडात कळतं. बाहेर ऐकणाऱ्याला वाटतं, माझ्यावर विश्वास नाही. तिथे 'क्वेश्चन' म्हणायला लावा. आणि 'डाउट' मधला 'बी' फक्त लिहायचा. लॅटिन 'दुबितारे' वरून तो मागाहून स्पेलिंगमध्ये घुसवलाय.