कॅमेऱ्यांच्या पुढचं

शाळेत मुलं लैंगिक अत्याचारापासून सुरक्षित कशी राहतील, या चर्चेत वर बहुतेकांनी सीसीटीव्हीवरच भर दिलाय. कॅमेरे हवेतच, पण स्वच्छतागृहात ते लावता येत नाहीत आणि स्कूलव्हॅनमध्ये क्वचितच दिसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला; मुलींनी घरी सांगितलं, तेव्हाच प्रकार उघड झाला. म्हणजे मूल बोलतं. ऐकणारं माणूस हवं. 'काहीतरीच काय!' म्हणून गप्प करू नका.

आणखी एक, पॉक्सो कायद्याच्या (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, अगदी मुख्याध्यापकांवरही. 'आधी अंतर्गत चौकशी करतो' हे उत्तर चालत नाही. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो. पुढच्या पालकसभेत विचारा, सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) कोण कोण आहे? आमच्याकडे विचारलं तर शिक्षकच एकमेकांकडे बघायला लागले!