मदत हवी आहे: जीडॅल बसले, पण नोटबुकमध्ये प्रॉजची डेटाबेस फाइल चुकीची उचलली जाते

नमस्कार. मी नाशिकमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत असून गंगापूर धरणाच्या पाणलोट क्षेत्रातील पावसाचा अभ्यास करीत आहे. भारतीय हवामान विभागाच्या पाव अंशाच्या चौकटींतील दैनंदिन पर्जन्यनोंदी नेटसीडीएफ (हवामानाच्या आकडेवारीसाठी वापरला जाणारा एक प्रकार) फाइलींतून वाचायच्या आणि पाणलोटाच्या सीमेनुसार कापून घ्यायच्या, एवढेच काम आहे. वाचन एक्सअरे या पायथन लायब्ररीने सुरळीत झाले. गाडी अडली ती कापण्यापाशी.

विंडोज ११ वर पिपने (पायथनची पॅकेजे बसवणारे साधन) जीडॅल (भौगोलिक डेटा वाचण्याची व बदलण्याची लायब्ररी) बसवू पाहिले, तेव्हा आधी व्हिज्युअल सी प्लस प्लसची साधने मागितली गेली, आणि ती उतरवून घेतल्यावर जीडॅलची हेडर फाइलच सापडत नसल्याचा संदेश आला. पिपच्या भांडारात जीडॅलचे केवळ पायथनसाठीचे जोडकाम असते व सी प्लस प्लसमधील मूळ लायब्ररी संगणकावर अगोदरच असावी लागते, हे मला एक रात्र घालवल्यावर कळले. मग तयार पॅकेजे बसवणाऱ्या मिनिफोर्ज या साधनाकडे वळलो. त्यातही माझ्या विंडोजच्या खात्याचे नाव देवनागरीत असल्यामुळे त्या फोल्डरात ते धड बसेना (हौसेचे मोल!), म्हणून थेट सी ड्राइव्हवर साधे रोमन नाव देऊन बसवले.

नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (पॅकेजांच्या स्वतंत्र संचात) कोंडा-फोर्ज या पॅकेज-भांडारावरून जीडॅल, रिओएक्सअरे आणि जिओपांडाज या भौगोलिक लायब्रऱ्या आल्या. ज्युपिटर नोटबुकमध्ये इम्पोर्टही होते. परंतु नाशिकसाठी यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी क्रमांक ३२६४३, हे नकाशा-प्रक्षेपण देताच प्रॉज या प्रक्षेपणे बदलणाऱ्या लायब्ररीची प्रॉज.डीबी ही फाइल जुन्या रचनेची असून ती प्रॉजच्या दुसऱ्या स्थापनेतून आली असल्याची त्रुटी येते. पूर्वी एका प्रकल्पासाठी पोस्टजीआयएस (डेटाबेसची भौगोलिक जोड) बसवले होते आणि प्रॉजच्या फाइली कुठे आहेत ते सांगणारे प्रॉज_लिब हे व्हेरिएबल अजून त्याच्याच फोल्डरकडे बोट दाखवते. ते काढून टाकले, तर पोस्टजीआयएस बंद पडेल का?

प्रतिसाद:
आपण कारण बरोबर ओळखले आहे, पण घाईने काही काढू नका. मिनिफोर्ज प्रॉम्प्टमध्ये एन्व्हायर्नमेंट सक्रिय करून तोच कोड चालवून पाहा. सक्रिय करताना चालणारी स्क्रिप्ट त्याच कामाचे प्रॉज_डेटा हे व्हेरिएबल ठरवते, आणि प्रॉज ९.१ पासून त्याला प्रॉज_लिबपेक्षा अग्रक्रम आहे. ज्युपिटरचा कर्नल (नोटबुकमधील कोड चालवणारी प्रक्रिया) मात्र अनेकदा पायथन थेट सुरू करतो. ती स्क्रिप्ट चालतच नाही आणि जुने व्हेरिएबल उरते. तसे असेल, तर नोटबुकच्या पहिल्याच कक्षात, कोणत्याही इम्पोर्टच्या आधी, त्या एन्व्हायर्नमेंटमधील लायब्ररी, शेअर, प्रॉज या फोल्डरचा मार्ग प्रॉज_डेटाला द्यावा. पोस्टजीआयएसला हात लावावा लागणार नाही.

एक आगाऊ सूचना: नाशिकच्या अक्षांशावर पाव अंशाची चौकट साधारण २८ गुणिले २६ किलोमीटरची होते. गंगापूरच्या वरचे पाणलोट मोजक्याच चौकटींत मावेल, तेव्हा कापण्यापेक्षा प्रत्येक चौकटीने व्यापलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात भारित सरासरी काढणे अधिक योग्य ठरेल.

मूळ लेखक:
प्रॉम्प्टमध्ये तोच कोड विनात्रुटी चालला, आणि पहिल्या कक्षात मार्ग लिहून कर्नल पुन्हा सुरू केल्यावर नोटबुकमध्येही चालला. चौकटी मोजून पाहिल्या. आपले म्हणणे खरे आहे. आता भारित सरासरीच काढतो. मनःपूर्वक आभार.